गिरण्यांचं प्रदर्शन : घरच्या वस्तू देण्याआधी

*बी-२०४ :* नमस्कार मंडळी. आपल्या भागातलं छोटं संग्रहालय १२ जानेवारीपासून तीन महिने सोलापूरच्या कापडगिरण्या आणि १९३० च्या मार्शल लॉवर (इंग्रजांनी इथं लावलेल्या लष्करी कायद्यावर) प्रदर्शन लावतंय. जुन्या वस्तू मागितल्यात. आमच्याकडं सासऱ्यांचा गिरणीचा पास, जेकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागावरची) जुनी चादर आणि जेकार्डच्या पुठ्ठ्यांची माळ आहे. द्यावं का? धड परत येईल ना?

*ए-३०१ :* द्या की काकू, पण कागद केल्याशिवाय नको. उसनवारीचा फॉर्म दोन प्रतींत करा. त्यात वस्तूची मापं, परतीची तारीख, ने-आण कुणाकडं, सगळं आलं पाहिजे. सोबत स्थिती-नोंद. ‘चादर जुनी, बरी’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘उजव्या खालच्या कोपऱ्यात २ सेंमी फाट, मधल्या घडीवर रंग उडालेला’ असं लिहायचं आणि प्रत्येक डागाशेजारी पट्टी ठेवून फोटो काढायचा. परत घेताना तीच नोंद समोर धरून तपासा, मगच सही.

*सी-१०३ :* आणि काकू, चादर धुवून, इस्त्री करून देऊ नका. कच्चा रंग फुटतो, कुजलेला धागा पाण्यात तुटतो. डांबरगोळ्याही नकोत. मऊ मांजरपाटात, नळीवर गुंडाळून द्या. घडी घातली की तिथंच चिरते.

*सी-१०३ :* लावताना खिळे, क्लिपा अजिबात नकोत. चार-पाच जागीच सगळं वजन येतं आणि तिथून फाटायला लागतं. ५ सेंमी रुंद वेल्क्रोची मऊ बाजू सुती पट्टीवर शिवायची, ती पट्टी चादरीच्या वरच्या काठाला हातानं टाचायची. खरखरीत बाजू भिंतीवरच्या लाकडी पट्टीला. वजन अख्ख्या रुंदीवर वाटलं जातं. चादर फार विरलेली असेल तर टांगूच नका, उतरत्या फळीवर आडवी ठेवा.

*बी-२०४ :* आणि पुठ्ठ्यांची माळ?

*सी-१०३ :* ती जपा काकू, मोलाची आहे. एकेक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एकेक ओळ, भोकांवरून ठरतं कुठला उभा धागा उचलायचा. पुठ्ठे ओवलेली दोरी जुनी झाली की ठिसूळ होते, म्हणून माळ दोरीवर लोंबकळू द्यायची नाही. पायऱ्यापायऱ्यांच्या आधारावर पसरायची. आणि पुठ्ठ्यांना मागून नंबर घाला, पेन्सिलनं. दोरी तुटली आणि क्रम गेला तर नक्षी गेली.

*ए-१०५ :* उजेडाचं कुणी बोललं नाही. कापड आणि कागदाला ५० लक्स (उजेड मोजायचं माप), बास. रोज ८ तास, आठवड्याला एक सुट्टी, तीन महिने धरले तर साधारण ३१,००० लक्स-तास. खिडकीतून ५,००० लक्सचं ऊन आत आलं तर हा सगळा हिशेब सव्वासहा तासांत संपतो. उडालेला रंग परत येत नाही. म्हणून तर अशी प्रदर्शनं तात्पुरती असतात. तीन महिन्यांची मुदत वाढवायला कुणी म्हणालं तर नाही म्हणा, वस्तूला अंधारात विसावा लागतो.

*ए-३०१ :* खरंय. पासची तर रंगीत प्रतच लावायला सांगा, खाली ‘प्रत’ असं स्पष्ट लिहून. मूळ पास द्यायचाच तर चिकटपट्टी, फेविकॉल, लॅमिनेशन काही नको. पॉलिएस्टरच्या पारदर्शक कोपऱ्यांत बसवायचा.

*बी-२०४ :* पासवर आधीच लॅमिनेशन आहे हो.

*ए-३०१ :* मग सोलायला जाऊ नका, शाई प्लास्टिकबरोबर निघते. तसाच राहू द्या.

*ए-१०५ :* एक बघून या. काचपेट्या नव्या प्लायच्या आहेत का? उद्घाटनाच्या आदल्या दिवशी रंगवलेल्या पेटीत आम्लाची वाफ कोंडते, कागद पिवळा पडतो. रंग झाल्यावर तीन-चार आठवडे उघड्या ठेवायला हव्यात. गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत धूळही फार येते. दारात लांब पायपुसणं आणि पेटीच्या फटींना पट्टी पाहिजेच.

*सी-१०३ :* माहितीच्या पाट्या ६० शब्दांच्या आत, अक्षर २४ पॉइंटच्या खाली नको, मध्य जमिनीपासून १४५ सेंमीवर. आणि तेलुगू, कन्नड ओळ हवीच. मागावर बसणाऱ्या कितीतरी घरांत तेलुगूच बोलतात, त्यांचंच प्रदर्शन आणि त्यांनाच वाचता येऊ नये?

*बी-२०४ :* फॉर्मचा नमुना कुणाकडं आहे का?

*ए-३०१ :* संध्याकाळी ग्रुपवर टाकतो. चादरीचे फोटो दिवसाउजेडी सावलीत काढून ठेवा, फ्लॅश नको.