शब्दचर्चा : 'रन'ला परोपकार म्हणावं का?

प्रश्न : चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या विचारातून सामाजिक संशोधनाची नीती कशी दिसते, यावर मराठीत लिहिते आहे. त्याच्या 'रन' (माणसामाणसातला सद्भाव) या शब्दासाठी 'परोपकार' आणि 'ली' (वागण्याचे ठरलेले विधी) यासाठी 'कर्मकांड' लिहिलं, पण दोन्ही खटकतात. दुसरं काय चालेल? (शिवाय 'रन' वाचून क्रिकेट आठवतं आणि 'रेन' लिहिलं तर पाऊस!)

प्रतिसाद : 'परोपकार' नकोच. त्यात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. 'रन'च्या चिनी अक्षरात 'माणूस' आणि 'दोन' अशी चिन्हं आहेत, म्हणजे गोष्ट दोघांमधली आहे. सरळ 'माणुसकी' लिहा. 'ली'ला 'रीतभात' बरा. पूर्वजांच्या पूजेपासून पाहुण्याशी कसं बोलावं इथपर्यंत सगळं त्यात येतं. 'कर्मकांड' म्हटलं की आपल्याकडे नाकं मुरडली जातात, तो भाव मूळ शब्दात नाही.

'लुन यू' या कन्फ्यूशियसच्या वचनांच्या संग्रहातल्या बाराव्या प्रकरणात एक शिष्य 'रन'बद्दल विचारतो. उत्तर मिळतं की घराबाहेर पडल्यावर मोठा पाहुणा समोर असल्यासारखं वागावं, लोकांना कामाला लावताना महायज्ञाला उभं असल्यासारखं, आणि स्वतःला नको ते दुसऱ्यावर लादू नये. बोलणं संशोधनाबद्दल नाही हे खरं, पण प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणाऱ्याला याहून नेमकी सूचना कुणी दिली असेल असं वाटत नाही. यातल्या शेवटच्या भागाला 'शू' म्हणतात. त्यासाठी गीतेतला 'आत्मौपम्य' आहे, पण जड वाटला तर 'आपल्यावरून दुसऱ्याला ओळखणं' पुरे.

प्रतिसाद : रन-ली ठीक, पण खरा पेच 'संमती'त आहे. माणसांवरच्या प्रयोगांचे नियम घालून देणाऱ्या 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेचं पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं. संशोधनाच्या नीतीवरच्या 1979 च्या अमेरिकी बेलमाँट अहवालातली तीन तत्त्वं म्हणजे व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय. सगळा भार एकट्या व्यक्तीवर. कन्फ्यूशियसकडे माणूस आधी कुणाचा तरी मुलगा, भाऊ, शिष्य असतो. हाँगकाँगचे तत्त्वज्ञ रुइपिंग फान यांनी 1997 मध्ये वैद्यकीय नीतीबद्दल नेमकं हेच मांडलं, की पूर्व आशियात निर्णय कुटुंबाचा मानला जातो आणि तो पाश्चात्त्य स्वनिर्णयाच्या तत्त्वात बसवता येत नाही.

म्हणून शब्द दोन ठेवा. घरातल्या थोरल्यांकडून मिळते ती 'परवानगी', मुलाखत देणाऱ्याची ती 'संमती'. परवानगी घेणं ही रीतभात झाली, पण सासऱ्यांनी मान डोलावली म्हणून सुनेची संमती मिळत नाही. आपल्याकडे खेड्यात सर्वेक्षण केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. कन्फ्यूशियसचं नाव पुढे करून कुणी दोन्ही एकच लिहीत असेल, तर मी तरी ते मान्य करणार नाही.

प्रतिसाद : 'गोपनीयता' लिहिणार असाल तर 'लुन यू'च्या तेराव्या प्रकरणातली मेंढीची गोष्ट घ्या. एक सरदार फुशारकी मारतो, आमच्याकडचा माणूस इतका सरळ, की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडचे सरळ लोक वेगळे, बाप मुलाचं झाकतो, मुलगा बापाचं, आणि सरळपणा त्यातच असतो. कान टवकारायला लावणारं उत्तर आहे! मात्र ही मुभा रक्ताच्या नात्याची. तासाभराच्या मुलाखतीने संशोधक घरचा होत नाही, तेव्हा ती परस्पर त्याला देऊन टाकू नका.

प्रश्नकर्ती : आभार. 'माणुसकी' आणि 'रीतभात' घेते, परवानगी-संमतीचा फरकही. आता प्रयोगात खरा हेतू लपवतात त्याला काय म्हणू? 'दिशाभूल' लिहिलंय.

प्रतिसाद : 'फसवणूक'च लिहा. येल विद्यापीठात 1961 मध्ये मानसशास्त्रज्ञ मिलग्रामने लोकांना सांगितलं, की प्रयोग स्मरणशक्तीचा आहे. बघायची होती आज्ञाधारकता. चुकीच्या उत्तराला बटण दाबून समोरच्याला द्यायचे विजेचे झटके खोटे होते, पण बटण दाबणाऱ्यांना फुटलेला घाम खरा होता. 'शिन' म्हणजे विश्वास, त्याचं अक्षर 'माणूस' आणि 'बोलणं' मिळून झालंय. राज्य चालवताना काही सोडावंच लागलं तर आधी शस्त्रं सोडा, मग अन्न, विश्वास मात्र सोडू नका, असं कन्फ्यूशियस सांगतो. त्याच्यापुढे 'दिशाभूल' फारच मवाळ पडतो.

प्रतिसाद : जाता जाता, ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्यासाठी मानसशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतला 'प्रयुक्त' वापरू नका, तो वापरलेल्या वस्तूसारखा वाटतो. 'सहभागी' छान दिसतो, पण फॉर्मवर खुणा करून गेलेल्याला तो शोभत नाही. त्याच्यासाठी 'उत्तरदाता'.