मेंदूतल्या पेशी आपापल्या जागी पोचतात कशा, आणि हे शोधलं कसं?

जिज्ञासू_जंतू

बायोलॉजी बारावीनंतर सुटलं ते सुटलंच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. परवा एक पॉडकास्ट ऐकत होतो त्यात म्हणाले की कॉर्टेक्समधले (मेंदूच्या बाहेरच्या थरातले) न्यूरॉन, म्हणजे मेंदूतल्या संदेश वाहणाऱ्या पेशी, आपल्याला जिथे दिसतात तिथे तयारच होत नाहीत, आत खोलवर मेंदूतल्या पोकळीच्या काठाशी जन्मतात आणि मग तिथून बाहेरच्या दिशेने प्रवास करतात. इथपर्यंत ठीक आहे. पण पुढे म्हणे जे उशिरा जन्मतात ते आधी आलेल्यांना ओलांडून त्यांच्याही वर जाऊन बसतात, म्हणजे वरचा थर सगळ्यात नवा! आणि हे १९६०-७० च्या सुमारास शोधलंय. तेव्हा गर्भातल्या मेंदूचा व्हिडिओ वगैरे काढायची सोय नव्हती, मग मेलेल्या टिश्यूचे काप बघून कोण आधी आलं आणि कोण नंतर हे कळलं कसं? आणि पेशीला ना हात ना पाय, ती सरकते कशी?

मायक्रोटोम

प्रश्न अजिबात बाळबोध नाहीये. ही ट्रिक मला अजूनही जाम आवडते. थायमिडीन हा डीएनए बनवायला लागणारा कच्चा माल. त्यात ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार) घालून तो किरणोत्सारी करायचा आणि गाभण उंदरीला ठरलेल्या दिवशी टोचायचा. त्या दिवशी ज्या पेशी विभागणीच्या तयारीत डीएनएची कॉपी काढतायत त्याच तो उचलतात. आता गंमत बघा, पेशी पुढेही विभागत राहिली तर दरवेळी खूण अर्धी अर्धी होत फिकी पडते, पण ती विभागणी शेवटची असेल आणि पेशी न्यूरॉन बनून बाहेर पडली तर खूण तशीच ठळक राहते कारण न्यूरॉन परत विभागत नाही. मग पिल्लू मोठं झाल्यावर मेंदूचे काप करायचे, वर फोटोग्राफिक इमल्शनचा लेप द्यायचा, स्लाइड काही आठवडे काळोखात ठेवायच्या आणि डेव्हलप करायच्या. खूण असलेल्या केंद्रकावर चांदीचे काळे ठिपके उमटतात. लवकर टोचलं तर ठिपके खालच्या थरात, उशिरा टोचलं तर वरच्या थरात. एंजेविन आणि सिडमन यांनी १९६१ साली उंदरांत हेच दाखवलं. पास्को राकिच यांनी १९७४ मध्ये ऱ्हीसस माकडात केलं, तिथे गर्भारपण साधारण १६५ दिवसांचं आणि दृष्टीच्या कॉर्टेक्सचे न्यूरॉन अंदाजे ४५ ते १०२ व्या दिवसांत जन्मतात. १०२ नंतर टोचलं तर तिथल्या न्यूरॉन्सवर ठिपकेच नाहीत, दुकान बंद!

केंद्रक_ओढ्या

सरकण्याबद्दल मी सांगतो. राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भाच्या मेंदूचे एकामागोमाग एक पातळ काप इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघून ते परत जोडले (कॉम्प्युटरशिवाय, किती संयम लागला असेल विचार करा) आणि दिसलं की प्रवासातले न्यूरॉन रेडियल ग्लिया नावाच्या पेशींच्या लांबलचक धाग्यांना बिलगलेले आहेत, दोराला धरून चढावं तसे. हे धागे पोकळीपासून थेट पृष्ठभागापर्यंत जातात. हालचाल प्रत्यक्ष बघायला मात्र १९८७ उजाडलं, मेरी बेथ हॅटन यांच्या लॅबने उंदराच्या सेरेबेलमच्या (मागच्या बाजूच्या लहान मेंदूच्या) पेशी डिशमध्ये ग्लियाच्या धाग्यावर सरकताना व्हिडिओत पकडल्या. ते काही एकसंध सरकणं नसतं. पेशी पुढे एक लांब शेपूट काढते (पुढच्या बाजूला असली तरी शेपूटच म्हणतो मी), सेंट्रोसोम (पेशीतल्या आधाराच्या नळ्या जिथून निघतात तो ठिपका) त्यात पुढे सरकतो, मग डायनिन नावाचं मोटर प्रोटीन मायक्रोट्यूब्यूलवरून, म्हणजे त्या नळ्यांवरून, केंद्रकाला खेचतं, केंद्रक झटक्यात पुढे येतं, मग थांबा, मग परत. केंद्रक हा पेशीतला सगळ्यात अवजड ऐवज, खरी लढाई त्यालाच हलवायची असते.

उलट_तपासणी

वरचं बरोबर आहे पण चित्र फारच गुळगुळीत झालंय. दोन गोष्टी राहिल्या. रेडियल ग्लियाला तेव्हा नुसता आधार समजायचे, त्यांचं काम धागा पुरवायचं आणि पुढे अॅस्ट्रोसाइट (न्यूरॉनना सांभाळणाऱ्या मदतनीस पेशी) बनायचं. २००१ मध्ये नॉक्टर, क्रीगस्टीन वगैरे लोकांनी उंदराच्या चुलतभावात म्हणजे रॅटमध्ये व्हायरस वापरून एकेका रेडियल ग्लियात चमकणारं हिरवं प्रोटीन घातलं आणि जिवंत कापात बघितलं तर तीच पेशी विभागून न्यूरॉन देते आणि तो न्यूरॉन तिच्याच धाग्यावरून वर जातो. म्हणजे ज्याला शिडी समजत होतो ती आई निघाली. दुसरं म्हणजे सगळे न्यूरॉन असे उभे चढतच नाहीत. इतरांना शांत करणारे इनहिबिटरी न्यूरॉन मेंदूच्या तळाकडच्या भागात जन्मतात आणि आडवे लांबचा पल्ला मारून कॉर्टेक्समध्ये शिरतात, १९९७ मध्ये अँडरसन आणि रुबेनस्टाइन यांच्या ग्रुपने उंदरात हे दाखवलं. पॉडकास्टवाले हा भाग नेहमी गाळतात, का कोण जाणे.

जिज्ञासू_जंतू

शिडीच आई हे भन्नाट आहे. सगळ्यांना धन्यवाद. पण मग कुठे थांबायचं हे कोण सांगतं? आणि मध्येच अडकले तर?

मायक्रोटोम

थांबण्याचं पूर्ण कोडं सुटलेलं नाही पण एक मोठा धागा रीलर उंदराने दिला. १९५१ साली फाल्कनर यांनी वर्णन केलेला हा उंदीर, झोकांड्या खात चालतो, आणि त्याच्या कॉर्टेक्सचे थर ढोबळमानाने उलटे, नवे लोक जुन्यांना ओलांडू शकत नाहीत आणि खालीच साचतात. १९९५ मध्ये त्याच्यात बिघडलेला जीन सापडला, तो रीलिन नावाचं प्रोटीन बनवतो. हे प्रोटीन सगळ्यात वरच्या पट्टीतल्या काहाल-रेट्झियस पेशी सोडतात.

केंद्रक_ओढ्या

अडकण्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण माणसातच आहे. डबलकॉर्टिन नावाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, त्याचं प्रोटीन मायक्रोट्यूब्यूलला सांभाळतं. मुलाकडे एक्स एकच, तो जीन बिघडला तर बहुतेक न्यूरॉन पोचतच नाहीत आणि मेंदू घड्यांशिवाय गुळगुळीत राहतो, लिसेन्सेफली. मुलीकडे एक्स दोन आणि प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू, त्यामुळे काही पेशी नीट वर पोचतात आणि बाकीच्या अर्ध्या वाटेवर राहतात. एमआरआयमध्ये नेहमीच्या कॉर्टेक्सखाली पांढऱ्या भागात करड्या रंगाची दुसरी पट्टी चक्क दिसते. अशांना बऱ्याचदा फिट्स येतात. नंतर मात्र त्या पेशींना वर ढकलायचा उपाय आजघडीला नाही.

उलट_तपासणी

आणि हो, प्रवास जन्माबरोबर संपतो असंही नाही. २०१६ मध्ये पारेडेस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की जन्मानंतरही काही महिने बाळाच्या फ्रंटल लोबमध्ये (मेंदूच्या पुढच्या, कपाळामागच्या भागात) इनहिबिटरी न्यूरॉन येतच असतात. ते कुठल्या सर्किटमध्ये जाऊन बसतात यावर काम चालू आहे.