तीन मांजरं आणि एकच पिशवी: तुम्ही कसं निभावता?

रानजाई:
काल मांजराची वाळू आणायला दुकानात गेले होते. पुढे एक कॉलेजातला मुलगा. "काका, घरी तीन आहेत. एक म्हातारी, एक बोका, एक पिल्लू. तिघांना चालेल असं एकच काहीतरी द्या ना." काकांनी पिल्लांच्या खाण्याची मोठी पिशवी काढली. "पिल्लांना चालतं ते सगळ्यांना चालतं." माझ्या पोटात खड्डाच पडला. ६ वर्षांपूर्वी याच वाक्यावर मी तसलीच पिशवी खांद्यावर टाकून घरी आणली होती.

तेव्हा आमच्याकडे मनी १३ वर्षांची. बंड्या, ऑपरेशन झालेला बोका, आधीच गलेलठ्ठ. आणि भर पावसात स्कूटरखाली सापडलेली चिंगी. पिल्लाच्या खाण्यात ताकद जास्त, मग म्हातारीलाही ताकद येईल, असा माझा हिशोब. शिवाय मोठी पिशवी स्वस्त पडते. एकच मोठी वाटी, दिवसभर भरलेली, ज्याला हवं त्याने यावं.

चिंगी टम्म झाली. बंड्या साडेसहा किलोवर गेला. आणि मनी पाणी प्यायला लागली. वाटीतलं, बादलीतलं, कुंडीखालच्या ताटलीतलंसुद्धा. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, बघा कशी शहाण्यासारखी पाणी पिते! वजन उतरत होतं ते तिच्या दाट केसांत दिसलंच नाही. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ४ च्या वर, म्हणजे किडनी बरीच बिघडलेली. डॉक्टर ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, पिल्लाची हाडं वाढायची असतात म्हणून त्याच्या खाण्यात फॉस्फरस भरपूर, आणि हिच्या किडनीला नेमका तोच झेपत नाही. मी विचारलं, मग किडनीच्या आजारासाठीचं खाणंच तिघांना दिलं तर? ते हसले. त्यात प्रोटीन आणि फॉस्फरस दोन्ही बेताचं, चिंगी वाढणार कशावर?

मग जुगाड. चिंगीची वाटी फ्रीजवर. मनीला उडी जमायची नाही वयामुळे, बंड्याला पोटामुळे. मनीची वाटी बाथरूममध्ये, दार लावून, मी स्टुलावर पहाऱ्याला. सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटं, मग वाट्या उचलायच्या. मनी त्यानंतर दीड वर्ष राहिली.

त्या मुलाला सांगायला हवं होतं. मी तोंड उघडेपर्यंत तो पैसे स्कॅन करून गेलासुद्धा. म्हणून इथे लिहितेय. तुमच्याकडे कसं आहे?

चहाबाज:
पहिला! आमचं एकच मांजर आणि ते शेजाऱ्यांकडे जेवतं. पास.

सुकटप्रेमी:
आजीकडे गुहागरला सात-आठ मांजरं असायची. सगळ्यांना एकच, ताकभात नाहीतर मासळी धुतलेल्या पाण्यात कालवलेला भात. कुणाची किडनी गेली नाही की कुणाला शुगर झाली नाही. ही सगळी शहरातली थेरं. (दिवे घ्या, गंमत करतोय)

पेंगुळवाणी:
रानजाई, बादलीतलं पाणी वाचून चर्र झालं. सविस्तर लिहिते, कुकर लावलाय.

गोठ्यातला डॉक्टर:
सुकटप्रेमी, आजीच्या मांजरांचं खरं जेवण माळ्यावर व्हायचं. ताकभात हा नुसता नैवेद्य. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांसातूनच मिळतं. उंदरात भरपूर असतं. १९८७ साली अमेरिकेत लक्षात आलं की विकतचं खाणं खाऊनसुद्धा मांजरांची हृदयं फुगतायत, कारण त्यात टॉरिन कमी पडत होतं. मग कंपन्यांनी ते वाढवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दूधभात खाणाऱ्या मांजरीने उंदीर कुठून आणायचा?

आणि किडनी गेली नाही म्हणजे कुणी तपासली नाही. दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत मांजर तोंडावर काही दिसू देत नाही. आजीकडची म्हातारी मांजरं कशी गेली, आठवतंय?

सुकटप्रेमी:
घर सोडून गेली. आजी म्हणायची काशीला गेली.

सुकटप्रेमी:
...हं.

दूरदेशी:
आम्ही श्टुटगार्टला. दोन मांजरं, थोरलीला डायबेटिस, धाकटी किडकिडीत आणि कायम भुकेली. मानेतली चिप ओळखून झाकण उघडणारी वाटी घेतली. ज्याची चिप त्यालाच उघडणार. महाग प्रकरण आहे, पण तीन दिवस सुखात गेले. चौथ्या दिवशी धाकटीला शोध लागला की थोरली खात असताना बाजूने डोकं घुसवलं की झाकण मिटत नाही. नवऱ्याने वाटीभोवती पुठ्ठ्याचं घर बांधलं, एकच मांजर मावेल असं. झाकणाने केलं नाही ते पुठ्ठ्याने केलं. थोरलीचं कोरडं खाणं बंद करून ओलं चालू केलं, कारण कोरड्या दाण्यांत पीठ बरंच असतं. डॉक्टरांनी दोन महिन्यांत इन्सुलिन उतरवलं. खाणं बदललं की शुगर आधीपेक्षा जास्त वेळा तपासा बरं का, जुनाच डोस दिला तर एकदम खाली जाते.

चहाबाज:
पुठ्ठ्याच्या घराचा फोटो हवा!

दूरदेशी:
धाकटी छपरावर बसल्यामुळे त्या बंगल्याचं आता चाळीत रूपांतर झालंय. फोटो नको.

पेंगुळवाणी:
आले. भात लागला पण असो. आमच्याकडे दोन्ही बोके, दोघंही तरणे, वर्षानुवर्षं फक्त कोरडं. एका रात्री थोरला वाळूत बसतोय, उठतोय, पुन्हा बसतोय. मला वाटलं पोट साफ होत नाहीये. शेंगदाण्याएवढं तूप चाटवलं आणि झोपले!! सकाळी पोट दगडासारखं. शू अडकली होती. नळी घालून काढली, तीन दिवस दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले अजून एक दिवस काढला असता तर मेला असता. बोक्यांची नळी अरुंद असते, खडा अडकला की संपलं. तेव्हापासून दोघांना ओलं. ओल्यात पाऊण भाग पाणीच असतं, कोरड्यात जेमतेम दहा टक्के. त्यामुळे रानजाई, एकच खाणं चालतच नाही असं नाही. आमच्या दोघांना एकच चालतं. तुमच्या घरी तिघं तीन टोकांची होती.

रानजाई:
बरोबर. आणि तूप चाटवणारी तू एकटी नाहीस, मीसुद्धा मनीला आधी तेच केलं होतं.

लवंगी मिरची:
ब्यांकेत आहे, पटकन लिहितो. नवं खाणं एका दिवसात बदलू नका. आमची ढमी सात किलोची. डॉक्टरांनी वजन कमी करायचं खाणं दिलं, हळूहळू बदला असंही सांगितलं होतं. पण आमचे वडील! "भूक लागली की खाईल झक मारून." तिने झक मारली नाही. चौथ्या दिवशी कानाच्या आतली कातडी पिवळी. जाड मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन बसते म्हणे. तीन आठवडे सिरिंजने पातळ करून भरवलं, रात्री दोनला अलार्म लावून. आणि भरवलं कुणी? वडिलांनीच. आता येईल त्याला सांगतात, जुन्यात नवं चमचा-चमचा मिसळा, आठ-दहा दिवस लावा. जणू शोध त्यांचाच. टोकन नंबर आला, पळतो.

गोठ्यातला डॉक्टर:
वडिलांना नमस्कार सांगा. एरंडेल पाजणारी पिढी, तिने सिरिंज धरली हे कमी नाही.

सुकटप्रेमी:
डॉक्टर, सिरियसली विचारतो. आमच्या बोकोबाला मांदेली उकडून देतो. चालतं ना? आणि सुकट?

गोठ्यातला डॉक्टर:
मांदेली उकडून, मीठ न घालता, अधूनमधून हरकत नाही. पोट त्याच्यावर भरू नका. बाजारातली सुकट कधी कधी खारवलेली असते, वय झालेल्याला नकोच. आपल्या कालवणातला तुकडा तर अजिबात नको, कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. वय किती बोकोबाचं?

सुकटप्रेमी:
११.

गोठ्यातला डॉक्टर:
रक्त आणि लघवी तपासून घ्या या महिन्यात. थेरं म्हणा हवं तर.

सुकटप्रेमी:
घेतो हो. पाणी जरा जास्तच पितोय हल्ली.

रानजाई:
लवकर घ्या सुकटप्रेमी, खरंच. 

आमच्याकडची ताजी खबर: बंड्या पाच किलोवर आलाय, अन्न मोजून देते. चिंगी सहा वर्षांची घोडी, आता दोघांना एकच खाणं चालतं, तरी तिला फ्रीजवरच वाढावं लागतं. खाली ठेवलं तर वाटीकडे बघून माझ्याकडे बघते. मध्ये नवा फ्रीज घेताना नवऱ्याने दुकानात उंची मोजली होती. सेल्समनने कारण विचारलं, आम्ही दोघं गप्प.

पेंगुळवाणी:
😂😂 आणि त्या मुलाचं काय?

रानजाई:
वाळू दहाऐवजी पाच किलोची उचलून आणलीय घाईत. उद्या परत जायचंच आहे. काकांकडे निरोप ठेवते, तो पुढच्या पिशवीला येईलच.

चहाबाज:
आत्ता चौकशी करून आलो. शेजारी ओलं देतात.