सौर प्रकल्प ज्याने उभारला, त्यालाच तो चालवायला द्यावा का?

टॉर्करेंच
सौर असो, पवन असो की बॅटरी, रिवाज एकच. वीज सुरू झाली की बांधकामाचा सुपरिटेंडंट पंच लिस्ट (उरलेल्या किरकोळ कामांची यादी) मिटवतो, चाव्या देतो आणि पुढची साइट गाठतो. मागे देखभालीला येतो तो नवा माणूस. चर उघडे होते तेव्हा तो तिथे नव्हताच. माझं म्हणणं, बांधणाऱ्यालाच निदान दोन वर्षं तिथे ठेवा. पॅनेलची वॉरंटी २५ वर्षांची असते, पण दुखण्याच्या जागा पहिल्या काही महिन्यांतच मातीखाली जातात. कुठे खडक लागला म्हणून पाइल (पॅनेलच्या आधाराचा जमिनीतला खांब) कापून बसवली, केबलचा जोड नेमका कुठे पुरलाय, कुठल्या ओळीत दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-फोर कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे प्लग) जोडले गेलेत, हे अ‍ॅज-बिल्ट ड्रॉइंगमध्ये (प्रत्यक्षात जसं बांधलं तशा नकाशात) क्वचितच उतरतं. असे कनेक्टर बसतात झकास, पण आतला संपर्क नीट होत नाही. मग जोड तापतो, वितळतो, कधी पेटतोही.

मेगरवाला
वेगळे कनेक्टर लागलेत हे सुपरिटेंडंटला ठाऊक असेल, तर त्याने ते तेव्हाच का नाही बदलले? अशा माणसाला वर दोन वर्षं ठेवायचं? पहिला जोड जळाला की तो अहवालात ‘हवामानाचा परिणाम’ लिहून मोकळा होईल. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं! त्यापेक्षा तिऱ्हाईत बरा. आयईसी ६२४४६-१ हे मानक त्यासाठीच आहे. चालू करण्याआधी प्रत्येक स्ट्रिंगची (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेची) पोलॅरिटी म्हणजे अधिक-उणे टोकं, ओपन सर्किट व्होल्टेज (भार न जोडता येणारं) आणि करंट मोजायचा, इन्सुलेशन तपासायचं आणि सगळं लिहून ठेवायचं. पुढे कोणीही आला तरी आजचा आकडा त्या आकड्याशी ताडून बघू शकतो. माणसाची आठवण कशाला हवी?

टॉर्करेंच
कागद असतो हो. पण तो हँडओव्हरच्या शेवटच्या आठवड्यात, एका बैठकीत भरलेला असतो. शेकडो स्ट्रिंग आणि सगळ्यांचं इन्सुलेशन रेझिस्टन्स एकसारखं! पॅनेलवर दव असताना मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला तर आकडा घसरतो, ऊन चढल्यावर तोच वर जातो. मग दिवसभराची रीडिंग सारखी येतीलच कशी?

मेगरवाला
म्हणजे तो कागद ज्याच्या सहीने गेला, त्याच्याच हाती पुढे प्लांट द्यायचा. वा!

उंचावरची
मी पवनचक्क्यांच्या देखभालीत आहे. सचोटी बाजूला ठेवा, मला स्वभावाचीच काळजी वाटते. बांधकामवाल्याचा दिवस ‘आज काय पुरं झालं’ यावर मोजला जातो. क्रेन भाड्याने उभी असते, वारा पडायची वाट बघावी लागते, तारीख मानेवर बसलेली असते. आमच्याकडे ‘आज काहीच घडलं नाही’ हा उत्तम दिवस. टर्बाइन साधारण ५०० तास चालली की बोल्टचा ताण पुन्हा तपासायचा, आणि पुढेही तेच काम ठरल्या वेळी परत परत करायचं. याला वेगळा पिंड लागतो. उरक दाखवणारा माणूस लॉकआउट-टॅगआउटच्या (दुरुस्तीआधी वीज तोडून कुलूप आणि पाटी लावायच्या कामाच्या) आसपास मला नको. सौरवाल्यांकडे तर जास्तच नको. तुमचं पॅनेल उजेड पडला की जिवंत, त्याला बंद करायचं बटण नाही. १५०० व्होल्टची डीसी स्ट्रिंग भाराखाली ओढून काढली तर आर्क (हवेतून पेटणारी विजेची ज्वाळ) एसीसारखा शून्यावर येऊन आपसूक विझत नाही.

बॅटरीबॉक्स
सगळे हँडओव्हरनंतरचंच बोलताय. मी उलट म्हणतो. बांधणाऱ्याला मागे ठेवण्यापेक्षा चालवणाऱ्याला पाया खणण्याआधी आणा. २०१९च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या एका बॅटरी केंद्रात सेल पेटले. आग विझवणारा वायू ठरल्याप्रमाणे सुटला, पण एका सेलची उष्णता दुसऱ्याला पेटवत गेली आणि ज्वलनशील वायू आत साठत राहिले. ते बाहेर काढायची सोय नव्हती. काही तासांनी दार उघडलं, स्फोट झाला, अग्निशमनचे जवान गंभीर जखमी झाले. बांधकामवाला तिथे दहा वर्षं राहिला असता तरी व्हेंट आपोआप उगवलं नसतं. ‘धूर आला तर हे दार कोण उघडणार?’ हे नकाशावर तोच विचारतो, ज्याला ते रात्री उघडावं लागणार असतं.

टॉर्करेंच
हे मात्र पटलं. पण पाया खणताना ओ अँड एमचा (प्लांट चालवणारा, देखभालीचा) माणूस नेमायला कुठला मालक तयार होतो? त्याचा पगार कुठल्या खात्यात टाकायचा, इथेच गाडं अडतं.

बॅटरीबॉक्स
बांधकामाच्या खात्यात. ट्रान्सफॉर्मर जळाला तर क्रेन आत कशी येणार, एवढं जरी त्याने वेळेवर विचारलं तरी पगार वसूल. नंतर त्याच वाटेसाठी पॅनेलच्या रांगा उकलाव्या लागतात.

मेगरवाला
आणि हँडओव्हरची मोजणी त्याच्याच हातून होऊ द्या. सुपरिटेंडंटने मीटरला हात न लावता बाजूला उभं राहायचं.

टॉर्करेंच
राहतो की बाजूला उभा. दोन वर्षं राहतो, मग तर झालं?

मेगरवाला
सहा महिने. आणि अहवाल त्याने लिहायचा नाही.