मार्टिन मरियेकडे बघत का नाही?

खिडकीपाशी:
पंधराव्या शतकातला चित्रकार हान्स मेमलिंग, त्याचं ते दोन फळ्यांचं जोडचित्र दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. १४८७ चं, बेल्जियममधल्या ब्रुजच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलच्या संग्रहालयात असलेलं. डावीकडच्या फळीवर मरिया आणि बाळ येशू, तिच्या हातात सफरचंद. उजवीकडे चित्र करवून घेणारा मार्टिन व्हान न्यूवेनहोव्ह, हात जोडलेले, पुढ्यात उघडं प्रार्थनापुस्तक. आणि हा पठ्ठ्या बघतोय भलतीकडेच! तिच्या अंगावरून नजर पार पुढे निघून जाते. खासगी प्रार्थनेसाठी करून घेतलेलं चित्र, त्यात नजरच चुकावी? तीही मेमलिंगच्या हातून? (पुस्तकातल्या छपाईवरून बोलतोय, मूळ चित्र पाहिलेलं नाही.)

अर्धवट रंगारी:
फार विचार करू नका. मरिया आधीच तयार असणार, गिऱ्हाईक आल्यावर शेजारी त्याचा चेहरा रंगवून दिला. तेवीस वर्षांचा श्रीमंत घरचा मुलगा, त्याला स्वतःची छबी हवी होती, बास. चौकटीवर नाव, साल, वय सगळं लिहून घेतलंय बघा.

जुनी चौकट:
रंगारीबुवा, वय बरोबर, बाकी नाही पटलं. मरियेच्या लाल झग्याची कड बघा. ती खालच्या कठड्यावरून सरकत बिजागरी ओलांडते आणि थेट मार्टिनच्या पुस्तकाखाली जाते. तयार मरियेला गिऱ्हाईक चिकटवलं असतं तर हे कसं जमलं असतं? मार्टिनच्या मागच्या काचचित्रात संत मार्टिन भिकाऱ्यासाठी आपला झगा कापतोय, म्हणजे झग्याची गोष्ट त्याच्या नावातच आहे. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

खिडकीपाशी, तुमचा घोळ पुस्तकाने केलाय. ही फळ्यांची जोडी भिंतीवर सपाट टांगायची वस्तू नव्हे. चौकटीसह जेमतेम अर्धा मीटर उंच, मध्ये बिजागरी, पुस्तकासारखी उघडायची. छापून घ्या, मधोमध घडी घाला, मरिया सरळ समोर ठेवा आणि उजवी बाजू स्वतःकडे ओढा. मग बघा.

खिडकीपाशी:
केलं. आधी गाढवासारखी मरियेचीच बाजू वळवली, तेव्हा प्रकरण आणखी बिघडलं. मग उजवी पुढे ओढली, साधारण काटकोनाच्या अलीकडे थांबलो, आणि तो एकदम तिच्यासमोर आला! कागद पुन्हा सपाट केला की नजर पुन्हा सुटते. पंधरा-वीस वेळा उघडझाप केली असेल.

लेन्सवाला:
आता मरियेच्या मागे डावीकडे टांगलेला गोल फुगीर आरसा भिंगातून बघा.

खिडकीपाशी:
बघितला. नखाएवढ्या जागेत दोन काळसर आकृत्या पाठमोऱ्या, शेजारीशेजारी, आणि त्यांच्यापुढे दोन खिडक्या. म्हणजे ही दोघं एकाच खोलीत आहेत, आणि त्या खिडक्या म्हणजेच दोन चौकटी? मग आपण बाहेर उभं राहून आत डोकावतोय!

जुनी चौकट:
अगदी. पुढे हाच मुलगा ब्रुजचा बर्गोमास्टर, म्हणजे नगराध्यक्ष, झाला आणि १५०० मध्ये वारला, म्हणजे चाळिशीही गाठली नाही. चित्रात मात्र मरियेच्या शेजारी बसायची जागा त्याने तेविसाव्या वर्षीच धरून ठेवली.

अर्धवट रंगारी:
झग्याची कड बघितली. माघार. पण छबी हवी होतीच त्याला, ते मी सोडत नाही.