गाव सोडणाऱ्याला सूट, मग गाव धरून राहणाऱ्याला काय?

(आयकरावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याने घेतलेले नाव आहे.)

समुद्रपूर तालुका

माझे घर आणि सात एकर शेत वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात आहे आणि नोकरी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत. एका बाजूचे अंतर सुमारे ४० किलोमीटर. गेली अठरा वर्षे हा रस्ता मी रोज कापतो. पहिली काही वर्षे एसटीने आणि पाळ्या सुरू झाल्यापासून मोटारसायकलने, कारण रात्री अकराला सुटणाऱ्या माणसाला जाम गावच्या चौरस्त्यावरून पुढे आमच्या गावाकडे नेणारी कोणतीच गाडी नसते. पेट्रोल, टायर आणि दुरुस्ती धरून महिन्याला साडेपाच हजार रुपये जातात. हा खर्च केल्याशिवाय मला पगार मिळत नाही आणि त्या पगारावर मी आयकर भरतो, तरीही आयकराच्या हिशेबात या खर्चाला कुठेच जागा नाही.

आयकराच्या जुनी आणि नवी अशा दोन प्रणाली आहेत. त्यांतल्या जुन्या करप्रणालीत राहण्याचा खर्च ओळखला जातो तो भाड्याच्या पावतीवरून. मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यातील कलम १० (१३अ) नुसार मिळालेला घरभाडे भत्ता, पगाराच्या १० टक्क्यांहून जास्त भरलेले भाडे आणि पगाराचा ठरावीक हिस्सा (मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई येथे ५० टक्के, इतरत्र ४० टक्के) या तिघांपैकी जी रक्कम सर्वांत कमी, तेवढी करमुक्त असे. माझ्याबरोबर लागलेले दोन सहकारी गावची घरे बंद करून नागपुरात भाड्याने राहायला गेले. त्यांच्या भत्त्याचा मोठा भाग करातून सुटला. मी आईजवळ, स्वतःच्या घरात राहिलो, म्हणून माझा पूर्ण भत्ता करपात्र धरला गेला. पूर्वी येण्याजाण्याचा भत्ता महिन्याला १,६०० रुपयांपर्यंत करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पाने तो काढला आणि वैद्यकीय खर्चाच्या सवलतीसह ४०,००० रुपयांच्या प्रमाणित वजावटीत (खर्चाचा पुरावा न मागता पगारातून वजा होणाऱ्या ठरावीक रकमेत) विलीन केला. ही वजावट पुढे ५०,००० झाली आणि नव्या प्रणालीत आता ७५,००० आहे. पण कारखान्याच्या फाटकासमोर राहणाऱ्यालाही ती तेवढीच मिळते.

आमच्या गावातला किराणा दुकानदार माल आणायला नागपूरला जातो, तेव्हा तो गाडीचे पेट्रोल धंद्याच्या खर्चात धरतो, आणि ते योग्यच आहे. मग पगारदाराने त्याच रस्त्यावर जाळलेले पेट्रोल हा त्याचा खासगी खर्च कसा? जर्मनीत घर ते कामाचे ठिकाण या एकेरी अंतरावर दर किलोमीटरमागे ठरावीक वजावट मिळते, मग माणूस गाडीने जावो की रेल्वेने. आपल्याकडेही अशी वजावट असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दारव्हा ते पुणे

आपली तळमळ मला समजते, कारण मीही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातूनच आलो आहे. पण गाव सोडणाऱ्याला कायद्याने बक्षीस दिले, ही मांडणी मला मान्य नाही. सूट मिळाली म्हणजे भाडे परत मिळाले असे नसते. पुण्यात मी महिन्याला २२,००० रुपये, म्हणजे वर्षाला २,६४,००० रुपये भाडे देतो. माझा मूळ पगार ९ लाख धरला तर त्याचे १० टक्के वजा जाऊन १,७४,००० रुपयांची सूट बसते आणि ३० टक्क्यांच्या टप्प्यात त्यातून उपकरासह सुमारे ५४,००० रुपये कर वाचतो. उरलेले दोन लाख दहा हजार माझ्याच खिशातून जातात. शिवाय गावी आईबाबा आहेत, तिथली घरपट्टी, वीजबिल आणि किराणा मीच भरतो. माझ्या दोन चुली पेटतात, आपली एकच. त्यात नव्या प्रणालीत घरभाड्याची ही सूटही उरलेली नाही. तिथे आपण आणि मी दोघेही त्या ७५,००० रुपयांवरच आहोत.

खरा मनस्ताप मला वेगळ्याच ठिकाणी झाला. नागपूरची नोकरी सोडून मी ऑक्टोबरमध्ये पुण्यात रुजू झालो. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या परीने प्रमाणित वजावट दिली आणि करमुक्त मर्यादाही स्वतंत्रपणे धरली, कारण आधीच्या पगाराची माहिती नव्या कंपनीला द्यायची असते हे मला कोणी सांगितलेच नाही. जुलैमध्ये दोन फॉर्म १६ (कंपनीने कापलेल्या कराचे दाखले) एकत्र केले तेव्हा एका महिन्याच्या पगाराएवढा कर आणि वर व्याज निघाले. ठिकाण बदलणाऱ्या माणसाला कायदा शिक्षा करीत नसेल, पण त्याला वेळेवर सावधही करीत नाही.

आणि किलोमीटरची वजावट दिलीच तर ती तपासणार कोण? भाड्याच्या खोट्या पावत्यांनी काय केले ते आपण पाहिले आहे. उद्या नागपुरात राहणारा प्रत्येक जण कागदावर गावीच राहू लागेल.

तालुक्यातला कर सल्लागार

दोन्ही बाजूंनी मुख्य आकडा सुटला आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० रुपयांपर्यंत. हिंगणघाट किंवा वरोऱ्याहून रोज ये-जा करणारे जे पगारदार माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांना आता आयकरच लागत नाही. वजावट मिळून जो कर कमी व्हायचा तोच शून्य असेल, तर किलोमीटर मोजून त्यांच्या हाती काय पडेल? ही मागणी त्या मर्यादेच्या वरच्या थोड्या लोकांपुरती आहे, हे आधी मान्य करावे.

मात्र गावी शेत आणि बाहेर नोकरी असणाऱ्याला एक वेगळी गोष्ट बोचते आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. पण ते ५,००० रुपयांहून अधिक असेल आणि पगार मूळ करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना ते पगारात मिळवले जाते. समजा, एखाद्याचा पगार १५ लाख आहे. ७५,००० वजा जाता १४,२५,००० राहतात आणि त्यावर ९३,७५० रुपये कर, उपकरासह ९७,५०० होतो. आता त्याला कपाशी आणि तुरीतून खर्च वजा जाता एक लाख रुपये उरले असे धरू. आधी १५,२५,००० वरचा कर काढायचा, तो १,०८,७५० येतो. मग करमुक्त मर्यादेचे ४ लाख आणि शेतीचा एक लाख मिळून ५ लाखांवरचा कर काढायचा, तो ५,००० येतो. पहिल्यातून दुसरा वजा केला की १,०३,७५० उरतात आणि उपकरासह १,०७,९००. म्हणजे करमुक्त म्हणवल्या जाणाऱ्या एक लाखामुळे १०,४०० रुपयांचा कर वाढला. त्यातच ५,००० च्या वर शेतीउत्पन्न असल्यास विवरणपत्र क्रमांक १ चालत नाही, क्रमांक २ भरावे लागते. अनेक जण हे उत्पन्न लिहीतच नाहीत. ते चुकीचे आहे आणि मी तसे करू देत नाही.

अठरा वर्षे आईच्या घरात राहिल्याची सल आपण लिहिली आहे. घर आईच्या नावावर असते, भाडे तिला खरोखर दिले असते आणि तिने ते स्वतःच्या उत्पन्नात दाखवले असते, तर जुन्या प्रणालीत आपल्यालाही सूट घेता आली असती.

समुद्रपूर तालुका

सल्ल्याबद्दल आभार, भाऊ. हिशेब बरोबर आहे आणि माझा पगारही साधारण तेवढाच आहे, त्यामुळे तो मला थेट लागू पडतो. परंतु आईला भाडे देण्याचा विचार मी तेव्हाही केला नाही आणि आजही करणार नाही. वडील गेल्यावर ते घर तिने एकटीने सांभाळले. तिच्या हातात दर महिन्याला पैसे मी देतोच. त्यांना भाडे म्हणायचे, पावतीवर तिची सही घ्यायची, ही गोष्ट कायदेशीर असली तरी माझ्या मनाला पटत नाही. नाते जसे आहे तसे ठेवून मला न्याय मिळावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.

शाळेच्या वाटेवर

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका आहे आणि माझी दिशा उलटी आहे: राहते तालुक्याच्या ठिकाणी, नोकरी २८ किलोमीटरवरच्या गावात. आम्ही मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच राहावे, अन्यथा घरभाडे भत्ता घेऊ नये, अशी मागणी सतत होते. आयकराचा कायदा मला एवढेच विचारतो की, ज्या घरात राहता त्याचे भाडे भरता का? मी भरते. सेवेचा नियम विचारतो की, मुख्यालयी राहता का? तिथे मी निरुत्तर होते, कारण त्या गावात भाड्याने देण्याजोगी एकही खोली मला मिळाली नाही. एकाच घरभाड्याबाबत सरकारचे एक खाते मला प्रामाणिक म्हणते आणि दुसरे अपराधी. माझे समुद्रपूरच्या भाऊंना सांगणे आहे की, अंतरावर वजावट देणारा कायदा उद्या आलाच, तर तो आमच्यावर उलटेल. विवरणपत्रात मी स्वतःच्या हाताने २८ किलोमीटर लिहीन आणि तोच कागद माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरला जाईल.

पऱ्हाटी

ताईंची अडचण खरी असेल, पण आमच्या गावात शाळेसमोरची खोली तीन वर्षे रिकामी होती आणि गुरुजी चारच्या गाडीसाठी साडेतीनलाच वर्ग सोडत. तेवढे बोलून मी मूळ मुद्द्यावर येतो.

मी शेतकरी आहे, आयकर भरत नाही. परंतु या चर्चेत माझाही वाटा आहे. महाराष्ट्राने १९७५ साली व्यवसाय कर आणला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. ज्याला नोकरी आहे त्याच्या पगारातून थोडे कापायचे आणि ज्याच्या हाताला काम नाही त्याला गावातच काम द्यायचे, असा तो विचार होता. आजही आपल्या पगारातून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे वर्षाचे २,५०० रुपये कापले जातात. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने ठरवलेली ती कमाल मर्यादा आहे. कमाई कुठे झाली आणि माणूस कुठे राहतो, हे एकमेकांशी जोडण्याचा तो मार्ग मला आजही योग्य वाटतो.

आता वजावटीकडे पाहा. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडच्या बाया पहाटे पिकअपमध्ये उभ्या राहून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या शेतात जातात आणि कधी कधी भाड्याचे पैसे मजुरीतून कापले जातात. त्यांचेही राहणे एकीकडे आणि काम दुसरीकडे आहे. आयकराची वजावट त्यांना कधीच मिळणार नाही, कारण त्यांना करच लागत नाही. सरकारने आपल्या पेट्रोलसाठी जो कर सोडायचा, त्याच पैशात रात्री साडेअकराला जामवरून समुद्रपूरकडे एसटी सोडावी. त्या गाडीत आपण बसाल, पाळी सुटलेला कंत्राटी कामगार बसेल आणि नागपूरच्या दवाखान्यातून परतणारा रुग्णही बसेल.

दारव्हा ते पुणे

याच्याशी मी पूर्ण सहमत आहे. शिवाय गाडी सुरू झाली तर खोट्या किलोमीटरचा प्रश्नच उरत नाही.

समुद्रपूर तालुका

पऱ्हाटी, आपल्या उत्तराने मला दोन दिवस विचार करायला लावला. वेचणीला जाणाऱ्या बायांचा विचार माझ्या मागणीत नव्हता, हे मी मान्य करतो. रात्रीची एसटी सुरू झाली तर पहिला मासिक पास मी काढीन. २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस प्रवास मिळतो, तो मोटारसायकलपेक्षा स्वस्त आहे आणि अंधारात महामार्गावर ट्रकच्या बाजूने जाण्यापेक्षा सुरक्षितही आहे. त्या गाडीसाठी आगारात अर्ज देण्याचे मी ठरवले आहे आणि तालुक्यातल्या पाळीवर जाणाऱ्यांच्या सह्या गोळा करीत आहे.

तरीही एक मुद्दा मी सोडणार नाही. दुकानदाराचा प्रवास हा कमाईचा खर्च आणि पगारदाराचा प्रवास हा खासगी खर्च, हा भेद मला अन्यायाचाच वाटतो. खोटेपणाची भीती असेल तर वजावट फक्त एसटीच्या किंवा रेल्वेच्या पासाच्या रकमेएवढीच द्यावी. पासावर नाव असते, मार्ग असतो, महिना असतो. त्यासाठी ना घरमालकाची पावती लागते ना सरपंचाचा दाखला. शिक्षिका ताईंची भीती मात्र मला खरी वाटते आणि तिच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दारव्हा ते पुणे

पण मग आपल्याच रात्रपाळीच्या मोटारसायकलचा खर्च त्यात बसणार नाही.

समुद्रपूर तालुका

नाही बसणार. महिन्यातले दोन आठवडे मला त्या वजावटीचा काहीच उपयोग होणार नाही, जोवर ती साडेअकराची गाडी सुरू होत नाही. आतापर्यंत अर्जावर ४१ सह्या झाल्या आहेत; गिरड आणि मांडगावकडचे पाळीवाले कोणी हे वाचत असतील तर त्यांनी आपली पाळी सुटण्याची वेळ तेवढी येथे लिहावी, म्हणजे ती अर्जात घालता येईल.