मदत हवी आहे: खाजन शेतीच्या प्रोजेक्टसाठी इंडिकेटर कुठले घ्यावेत?

नमस्कार मंडळी, गोव्यात तिसवाडीत खाजन शेती (खाडीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून खारं पाणी अडवून केलेली शेती) वाचवायच्या एका छोट्या प्रोजेक्टवर काम करतोय, बांध दुरुस्ती, मानशीची (बांधातून भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेची) नवी दारं आणि खारं पाणी सोसणारं कोरगुट भाताचं बियाणं वाटप असं सगळं आहे. आता फंडिंगवाल्यांना इंडिकेटर (कामाचा परिणाम दाखवणारी मोजमापं) हवेत आणि आमच्या फॉर्ममध्ये आहे काय, तर किती मीटर बांध बांधला, किती किलो बियाणं वाटलं, ट्रेनिंगला किती डोकी आली. अहो पण यातून शेतकरी खाऱ्या पाण्याला तोंड द्यायला तयार झाला का हे कसं कळणार?

मला वाटतं मातीचा खारेपणा मोजावा, ईसी (विद्युतवाहकता, त्यावरून मातीतलं मीठ कळतं) 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेला की जमीन खारवट धरतात, पण मे महिन्यात मोजलं तर जास्त येणार आणि जुलैत पावसाने धुऊन गेल्यावर कमी, मग कुठला आकडा बेसलाइन, म्हणजे तुलनेची सुरुवात, धरायचा? शिवाय पाऊस बरा झाला की पीक बरं येतंच, त्यात आमचं कसलं कौतुक! शेजारच्या काम न झालेल्या खाजनाशी तुलना केली तर चालेल का? आणि बांध फुटल्यावर किती दिवसांत बुजवला, मानशीची देखभाल कोण करतं, हे कुणी इंडिकेटर म्हणून वापरलंय का? मला तर तेच खरं वाटतं, पण आकड्यात कसं बसवायचं ते सुचत नाही.